ब्लेड मारलेलं खोकं

माझ्या गल्ल्याच्या वरच्या कप्प्यात कायम एक ब्लेड असायचं. दाढीचं, अर्धं मोडलेलं, एका बाजूला चिकटपट्टी गुंडाळलेलं. गिऱ्हाइकानं लिपस्टिक घेतली की मी ती खोक्यातून काढून तिच्या हातात द्यायची आणि रिकाम्या खोक्यावर, बरोबर नावाच्या मधून, आडवा काप मारायची. मग ते खोकं पिशवीत. नवीन बाई दचकायची, जुनी हसायची. आमच्या नागपूरच्या नंदनवन भागातल्या पोरी मला ब्लेडवाली काकू म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण दुकान दहा बाय बाराचं, त्यात पाठीमागचं असं काही नसतंच.

यंदा दुकान पुतण्याच्या बायकोच्या हवाली केलं. दिवाळी अंकासाठी चार आठवणी लिहा असा निरोप आला तेव्हा पहिला विचार हाच आला, की मलाच काहून विचारून राहिले? यांना माझ्याकडून काय पाहिजे असेल? सवय आहे, काय करता. एकतीस वर्षं या धंद्यात काढली, आणि कॉस्मेटिकच्या धंद्यात जी बाई संशय घेत नाही तिचं दुकान दोन दिवाळ्या टिकत नाही.

सुरुवात गांधीबागेच्या बाजारात झाली, एका ठोक दुकानात. आजूबाजूला सगळी कापडाची दुकानं, मधेच आमचं पावडर-काजळाचं. शेठजी वयस्कर होते. चष्मा कपाळावर चढवून नाकानं माल तपासायचे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "बाई, माल असली समजून हातात घ्यायचा नाही. नकली समजून घ्यायचा. मग असली आहे हे त्याले सिद्ध करू द्यायचं." मी तेव्हा विशीतली. मला वाटलं, म्हातारा खडूस आहे. पुढे मी त्यांच्याहून खडूस झाले.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते. नकली माल दिसायला असलीपेक्षा जास्त चकचकीत असतो. खोक्याच्या तळाला एक नंबर छापलेला असतो, तोच नंबर आतल्या नळीच्या बुडाला हवा. नसला तर खोकं एकाचं आणि पोटातला माल दुसऱ्याचा. नकली लिपस्टिकला मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा वास येतो. मुदत संपलेल्या मालावरची तारीख थिनरनं पुसून नवी मारतात. बोट फिरवलं की तिथला कागद खरखरीत लागतो. आणि त्यात आमचा नागपूरचा मे महिना! दुपारी टेम्पो आला तर मी माल उतरवून घेत नसे. उन्हात तापलेल्या लिपस्टिकला घाम सुटतो. थंड झाली की ती सोज्वळ चेहरा करून बसते, पण ओठाला लावली की तुकडा पडतो. उन्हाळाभर माझ्या घरच्या फ्रिजमधे लोण्याच्या कप्प्यात लिपस्टिका असायच्या आणि लोणी बाहेर, पाण्याच्या परातीत. आमच्या घरच्यांनी त्यावरून फार ऐकवलं.

माझ्यापेक्षा संशयी असं एकच गिऱ्हाईक भेटलं. निवृत्त हेडक्लार्क होते, दर संक्रांतीला बायकोसाठी एक काजळ न्यायचे. खिशातून भिंग काढून तारीख वाचायचे, टोपण उघडून हुंगायचे, आणि म्हणायचे, "आधी तुम्ही लावा." मी लावायची. मग ते स्टुलावर बसून दहा मिनिटं माझ्या डोळ्याकडे बघत राहायचे. पाणी आलं नाही, लाल झाला नाही, की काजळ घेऊन जायचे. बाकीचे लोक हसायचे. मला मात्र त्या माणसाबद्दल आदर आहे.

ब्लेडची सवय गांधीबागेतली नाही, नंतरची. ती कशी लागली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नंदनवनात स्वतःचं दुकान टाकून दोनेक वर्षं झाली होती. एक बाई यायची, बोलायला इतकी गोड की काही विचारू नका. "ताई, रिकामी खोकी फेकता काय वं? आमच्या पोराच्या शाळेत क्राफ्टले लागतात." मी काहून नाही म्हणू? आठ महिने मी तिला पिशव्या भरभरून खोकी दिली. एकदा तिनं मला पोरानं त्या खोक्यांचं केलेलं गणपतीचं मखर म्हणून फोटोही दाखवला. मला कौतुक वाटलं, माय वं!

मग एका सकाळी मागच्या गल्लीतल्या मंदाताई आल्या. ओठ टम्म सुजलेले, बोलता येईना. सोबत नवरा, दीर, आणि तमाशा बघायला अर्धी गल्ली. हातात लिपस्टिकचं खोकं आणि त्यावर माझ्या अक्षरातली किमतीची चिठ्ठी. मंदाताईंनी ती आठवडी बाजारात एका गाडीवरून घेतली होती, पण चिठ्ठी तर माझी ना! "तुमच्याच दुकानाचं खोकं आहे, नाही म्हणून दाखवा," दीर ओरडत होता. मी नळीचा नंबर दाखवला, खोक्याचा दाखवला, दोन्ही वेगळे आहेत म्हणून सांगितलं. पण चारचौघांत लोक नंबर वाचत नाहीत, ते सुजलेला ओठ बघतात. पुढे तीन महिने दुकानात काळं कुत्रं फिरकलं नाही. माझी खोकी नकली मालवाल्यांना विकणाऱ्या त्या गोड बाईचा पत्ता नव्हता. तिनं सांगितलेल्या शाळेत जाऊन आले, तर त्या नावाचं पोरगंच तिथं नव्हतं.

त्या दिवसापासून ब्लेड. आणि "खोकं नका कापू" असं जो म्हणेल तो चोर, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. असं म्हणणाऱ्यांचं कारणही ठरलेलं असे. कोणाले तरी द्यायचं आहे म्हणे.

आता माझी दुसरी रीत. पोरगी फोन घेऊन यायची. फोनमधे कुठल्या तरी बाईचा व्हिडिओ, वीस-पंचवीस वस्तूंची यादी. मी म्हणायची, "यादी ठेव बाजूला. घरून तुझी पोतडी आण अन् इथं ओत." काउंटरवर वर्तमानपत्र अंथरून ठेवायची. पोतडीतून निघायचं काय, तर एकाच गुलाबी रंगाच्या चार लिपस्टिका, तीन अर्धवट काजळं, वाळलेली नेलपॉलिश, सेफ्टी पिना, बसचं तिकीट. "हे चारही एकच रंग आहेत वं. पाचवा काहून पाहिजे तुले?" अर्ध्या पोरी काही न घेताच परत जायच्या. पण त्याच महिन्याभरानं यायच्या, आणि मैत्रिणीला घेऊन यायच्या.

माझा हिशोब साधा होता. ज्या पोरीकडे पैसे बेताचे आहेत तिनं पाच वस्तू घ्याव्या आणि त्या पाचही बुडापर्यंत संपवाव्या. अंगाच्या रंगाचं एक फाउंडेशन, दारातल्या उजेडात जबड्याला लावून बघितलेलं, कारण ट्यूबलाइट खोटं बोलते. एक काजळ. एक रोजची लिपस्टिक, खालचा ओठ उलटा करून आतला रंग असतो ना, त्याच्या जवळची. तीच बोटानं गालाला चोळली तरी चालते. एक लग्नाकार्याची, गडद. आणि एक चांगलं कॉम्पॅक्ट. काढायला घरचं खोबरेल तेल. बस्स. जे संपतं ते तुझं, जे वाळतं ते दुकानदाराचं, असं मी म्हणायची. दुकानदार मीच होते, तरी म्हणायची.

या हिशोबाच्या अगदी उलट वस्तू म्हणजे साखरपुड्याची पेटी. आमच्याकडे साखरपुड्यात मुलाकडचे मुलीला साडी देतात, आणि साडीच्या ताटाशेजारी दुसरं ताट मेकअपचं असतं. सगळ्यांच्या समोर, सजवलेलं. त्यात ही पेटी ठेवतात. उघडली की मजल्यावर मजले निघतात. जांभळा, मोरपंखी, चंदेरी, असले रंग जे पोरगी जन्मात लावणार नाही. ती पेटी मेकअपसाठी नसतेच मुळी, ताट भरलेलं दिसावं म्हणून असते. लग्नसराईत मी अशा पेट्या धडाधड विकल्या. नाही कशाला म्हणू? धंदा आहे.

पल्लवी पहिल्यांदा आली ती हिवाळा सरता सरता. सावनेरला एका खाजगी शाळेत शिकवायची, रोज बसनं जा-ये. संध्याकाळी बसमधून उतरून सरळ दुकानात. खांद्यावर वह्यांची झोळी, चपलांवर कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ. म्हणाली, "काकू, एक सेट जमवायचा आहे. लहानसा. दर पगाराले एक वस्तू घेईन. पण जी घेईन ती कामाची पाहिजे, शोभेची नाही."

इतकं माझ्या मनासारखं बोलणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिथंच मला संशय आला.

मी तिच्या जबड्याला रंग लावायला गेले तर ती मागे सरकली. "मले नाही, काकू. गडद दाखवा. माझ्यापेक्षा पुष्कळ गडद."

"कोणासाठी?"

"आहे एक जण."

"तिले घेऊन ये."

"आणता नाही येत."

"मग फोटो दाखव."

तिनं फोनमधे दाखवला. फोटोतली मुलगी नुसती पिठात लोळवल्यासारखी पांढरी, आणि हात मात्र वेगळ्याच रंगाचे. मी म्हटलं, "हा फोटो खोटा आहे."

"मले माहीत आहे," पल्लवी म्हणाली, "म्हणूनच तर तुमच्याकडे आली."

उत्तर चांगलं होतं. पण चांगली उत्तरं तर गोड बाईकडेही होती. मी तीन गडद रंगांचे थेंब काजळाच्या तीन रिकाम्या टोपणांत घालून दिले. मनात म्हटलं, ही फुकटातच वापरणार. चौथ्या दिवशी येऊन म्हणाली, "मधला." मधला माझ्याकडे नुसता नमुन्याचा होता, पूर्ण बाटलीत नव्हताच. गडद रंग कोणी ठेवत नाही. खपत नाही म्हणून ठेवत नाही, आणि ठेवत नाही म्हणून खपत नाही. गांधीबागेतून खास मागवावा लागला. तिनं आठ दिवस वाट पाहिली, बाटली उजेडात धरून पाहिली, खूश झाली. आणि मी खोक्यावर ब्लेड चालवलं.

"अहो काकू! काहून कापलं?"

"रीत आहे दुकानाची."

"अहो, साखरपुड्यात द्यायचं आहे ते!"

"सगळ्यांचाच साखरपुडा असते," मी म्हटलं.

तिनं ते खोकं काउंटरवर ठेवून अंगठ्यानं कापाच्या कडा जुळवून पाहिल्या. मग झोळीत ठेवलं. तो रंग दुसरीकडे मिळाला नसता, म्हणून बिचारी घेऊन गेली.

पुढच्या महिन्यात काजळ, त्याच्या पुढच्या महिन्यात रोजची लिपस्टिक. प्रत्येक वेळी तीच विनंती, आणि प्रत्येक वेळी माझं ब्लेड. मी मनात जुळवत गेले. पोरगी स्वतः उजळ आणि माल गडद. स्वतःच्या चेहऱ्याला एकदाही काही लावून पाहत नाही. दर महिन्याला एक ताजं खोकं, आणि ते न कापलेलं पाहिजे. हे जुळत नाही असं कसं? गोड बाई निदान रिकामी खोकी न्यायची, ही मालासकट नेते, म्हणजे हिची टोळी मोठी असली पाहिजे. शेजारच्या शिवणवाल्या बाईला मी सांगून ठेवलं, पोरीवर नजर ठेव. तिनं नेलेल्या मालाचे सगळे नंबर मी वहीत उतरवून घेत होते, उद्या कोणी सुजलेला ओठ घेऊन आलं तर हाताशी पुरावा पाहिजे म्हणून.

पाचव्या महिन्यात लग्नाकार्याची गडद लिपस्टिक घ्यायला आली. कॉम्पॅक्ट आदल्या महिन्यात झालं होतं, म्हणजे ही शेवटची. त्या दिवशी ती गयावया करत होती. "काकू, एवढं एक तरी नका कापू. एक तरी खोकं ताटात वर ठेवता येईल. बाकीचे त्याच्या खाली लपवीन."

"ताटात माल ठेव. खोकं कशाले पाहिजे?"

"खोक्याशिवाय ठेवलं तर लोक वापरलेलं समजतात नं."

"गोष्ट चांगली रचली," मी म्हटलं. "मागे एक बाई होती, तिच्या पोराचं क्राफ्ट होतं."

क्राफ्टचं काय ते तिला कळलं नाही, पण माझा आवाज कळला. तिचा चेहरा उतरला. आणि मी त्या खोक्यावर दोन काप मारले, एक आडवा, एक उभा. एक पुरला असता. दुसरा मी रागानं मारला, आणि कशाचा राग ते मला आजही नीट सांगता येत नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. ऑटो थांबवून एक बाई उतरल्या. कडक इस्त्रीची साडी, हातात पाटल्या. होणाऱ्या सुनेच्या ताटासाठी सगळ्यात मोठी पेटी पाहिजे होती. वर म्हणाल्या, "अन् एक फाउंडेशन द्या, तुमच्याकडे सगळ्यात गोरं असेल ते. पोरगी जराशी सावळी आहे. आपण देऊन राहिलो तर उजळच द्यावं नं."

मी म्हटलं, "बाई, रंग अंगाचाच घ्यावा, नाहीतर..."

"द्या हो तुम्ही," त्या हसून म्हणाल्या.

मी दिलं. पेटीला सोनेरी फीत बांधली, फुलासारखी गाठ मारली. ब्लेड गल्ल्यातच राहिलं. मोठ्या पेटीचं खोकंही बाजारात चालतं, उलट जास्त चालतं, हे मला ठाऊक होतं. तरी त्या बाईंवर ब्लेड काढायचं मला सुचलं नाही. आता लिहायला बसलेच आहे तर लिहून टाकते. त्यांच्या हातात पाटल्या होत्या, आणि पल्लवीच्या चपलांवर धूळ होती.

पल्लवी नंतर आली नाही. मी शिवणवाल्या बाईला म्हटलं, "पाह्यलं? धंदा जमला नाही, पळाली." मला स्वतःचा अभिमान वाटला. ती गोष्ट मी पुढे कितीतरी जणींना सांगितली, हसून हसून सांगितली.

तीन वर्षं गेली. दुकान देऊन टाकायचं ठरलं होतं, दोन महिने उरले होते. एका दुपारी एक मुलगी आत आली. रंग चांगलाच सावळा. चेहऱ्याला लावलेलं होतं, पण लावलंय असं वाटत नव्हतं. मान आणि चेहरा एक. असं काम दिसलं की मी माणसाच्या आधी ते पाहते. म्हटलं, हिला कोणीतरी रंग नीट निवडून दिलाय.

मी काही बोलायच्या आत तिनं काउंटरवरचं वर्तमानपत्र सरळ केलं आणि हातातली पिशवी त्यावर ओतली. "तुमच्याकडे ओतावं लागते म्हणे," ती हसत म्हणाली.

पाच खोकी पडली. पाचही घडी न मोडता जपलेली, प्रत्येकात आपापली वस्तू. पाचांवर माझे काप. शेवटच्यावर दोन.

मी ती ओळखली. आईनं पोराच्या गुडघ्यावरचा व्रण ओळखावा तशी ओळखली.

"मी रेणुका," ती म्हणाली. "सावनेरची. पल्लवीची वहिनी."

सावनेरला एका पॅथॉलॉजी लॅबमधे ती रक्त तपासायचं काम करायची. पल्लवीच्या भावाशी लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट तिनं मला काउंटरपाशी उभ्या उभ्या सांगितली, तक्रार करायच्या सुरात नाही, साधी सांगितली. बघायला पाहुणे आले त्या दिवशी पार्लरवालीनं तिला पांढरी फटक केली होती. पल्लवीच्या फोनमधे होता तो फोटो त्याच दिवशीचा. लग्न तर जमलं, पण होणाऱ्या सासूबाईंचं "जरा उजळ दिसायला पाहिजे" हे काही थांबेना. मग एका सकाळी शाळेच्या आधी पल्लवी लॅबमधे हजर.

"माझा हात धरून मले बाहेर उन्हात नेलं," रेणुका सांगत होती. "पर्समधून काजळाची तीन टोपणं काढली अन् माझ्या जबड्याले तीन रेघा मारल्या. मी म्हटलं, काय करून राहिली वं? तर म्हणे, वहिनी, हलू नका, तुमच्या रंगाची वस्तू घ्यायची आहे, आईले सांगू नका. काकू, माझ्या रंगाचं काही बाजारात मिळते हेच मले तोवर माहीत नव्हतं."

मी विचारलं, "आई म्हणजे... हातात पाटल्या?"

"हो. तुमच्याकडूनच पेटी नेली होती त्यांनी."

पुढचं तिनं थोडक्यात सांगितलं. साखरपुड्याचा हॉल. पल्लवीनं पाच वस्तूंचं ताट स्वतः सजवलं होतं, झेंडूच्या पाकळ्या घालून, काप दिसू नयेत अशी खोकी लावून. नवऱ्या मुलाच्या आत्यानं एक खोकं उचललं. मग सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "अहो, हे तर कापलेलं आहे! सेकंडचा माल आणला काय सुनेले? का वापरलेला?" बायका हसल्या. सासूबाई लाजेनं लाल झाल्या, ते ताट उचलून टेबलाखाली ठेवलं आणि वर पेटी मांडली, सोनेरी फितीची.

"पल्लवी सांगून राहिली होती सगळ्यांले," रेणुका म्हणाली. "आमच्या नंदनवनात एक काकू आहेत, त्या असली मालच विकतात, कापणं ही त्यांची खूण आहे म्हणून. कोणी ऐकलंच नाही. मग ती हॉलच्या मागे जाऊन रडली. मी नवरी, साडी सावरत मागे गेली तिच्या. तशी रडलेली मी तिले परत कधी पाहिली नाही."

मी स्टुलावर बसले. जिला मी पाच महिने चोर समजत होते ती भर हॉलमधे माझी बाजू मांडत होती. मला फार वाईट वाटलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

रेणुकाला फाउंडेशन पाहिजे होतं, तोच मधला रंग. तिची बाटली तळाला गेली होती, काडीनं खरवडून वापरत होती, म्हणे तिसरी. पल्लवीच्या बाटलीनंतरच्या दोन सावनेरच्या मेडिकलवाल्यानं मागवून दिल्या, आता त्याला मिळत नाही. जुन्या खोक्यातच नवी बाटली ठेवत आली होती. तो रंग आता मी नेहमी ठेवायची. पल्लवीसाठी मागवला तेव्हा दोन जास्तीच्या आल्या होत्या, त्या पडून राहतील असं वाटलं, तर महिन्याभरात उठल्या. मी बाटली काढली, नंबर जुळवला, परत खोक्यात घातली आणि खोकं तसंच, न कापता, तिच्यापुढे ठेवलं. गल्ला बंद केला.

तिनं ते माझ्याकडे परत सरकवलं. "कापा."

"नको वं बाई. झालं तेवढं पुरे."

"कापा, काकू. न कापलेलं आमच्या घरी टिकत नाही."

आणि ती हसायला लागली. ती सोनेरी फितीची पेटी साखरपुडा झाल्यावर सासूबाईंनी कपाटात ठेवून दिली होती. तिथून ती एका मामेबहिणीच्या ताटात गेली. तिथून आणखी कुठं. मागच्या लग्नसराईत रेणुकानं ती एका चुलत नणंदेच्या साखरपुड्यात पाहिली, फीतही तीच आणि गाठही माझीच. रेणुकाला मिळालेल्या साड्या, परफ्युमच्या बाटल्या, पर्सचे सेट, जे जे सीलबंद होतं ते सगळं कोणाच्या ना कोणाच्या आहेरात पुढे गेलं. "हे पाच मात्र कोणाले देता आले नाहीत," ती म्हणाली. "कापलेले होते नं. सगळ्या लग्नातलं माझं म्हणून एवढंच माझ्याजवळ राहिलं."

मी गल्ला उघडला. काप तिरपा गेला. तिनं खोकं उचलून त्यावरून बोट फिरवलं आणि पर्समधे ठेवलं.

मला बरं वाटलं. इतकं पटकन बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याचाच मला संशय आला. रेणुकाचं भलं झालं ते माझ्या चांगुलपणानं नव्हे. माझ्या ब्लेडचा तिला पुढे उपयोग झाला म्हणून मी मारलेला दुसरा काप काही चांगला होत नाही.

"पल्लवी कुठं असते आता?"

"बाहेर आहे, स्कूटीवर," रेणुका म्हणाली. मग पर्सची चेन लावत म्हणाली, "ती आत नाही येत, काकू."

काचेतून दिसत होती. उन्हात, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, नुसते डोळे उघडे. दुकानाकडे पाठ. ओठ दिसत नव्हते, पण पाच महिने समोर उभी होती ती, रंग माझ्या लक्षात होता. मी कपाटातून तिच्या ओठाच्या आतल्या रंगाची लिपस्टिक काढली. स्वतःसाठी तिनं माझ्याकडून कधी काही घेतलंच नव्हतं. खोकं कापलं नाही. तसंच घेऊन बाहेर गेले.

"पल्लवी," मी म्हटलं, "चुकलं वं माझं. तू खरं सांगत होती अन् मी ऐकलं नाही. हे घे. तुझ्यासाठी."

तिनं खोकं हातात घेतलं. उलटं करून तळाची तारीख पाहिली. तारखेवरून अंगठा फिरवला, खरखर लागते का ते पाहिलं. नळी बाहेर काढून बुडाचा नंबर खोक्याच्या नंबराशी ताडून पाहिला. सगळं बरोबर होतं. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, चपलांपासून केसांपर्यंत, सावकाश.

"न कापलेलं?" ती म्हणाली. "काहून काकू, आता काय खपवायचं आहे?"

आणि खोकं माझ्या हातात परत दिलं. रेणुका मागे बसली, तिनं माझ्याकडे बघून हात केला. स्कूटी वळली आणि गेली.

मला खरंच काही खपवायचं नव्हतं. पण पाच महिने तीही खरंच बोलत होती, आणि मी तिच्याकडे असंच बघत होते.

पुतण्याच्या बायकोला दुकान दिलं तेव्हा सगळं दिलं, कपाटं, स्टूल, नंबरांची वही, ब्लेडसुद्धा. ते एक खोकं दिलं नाही. घरी फ्रिजमधे आहे, लोण्याच्या कप्प्यात. मागच्या आठवड्यात काढून तळाची तारीख पाहिली. अजून मुदत आहे.